'बाळाकाका' हे नाव उपलब्ध नाही

या, असे जवळ सरका. आमचा पंखा जरा खडखडतो, पण ऐकू येईल. कीर्तनाला बसल्यासारखं ताठ बसायची गरज नाही, भिंतीला टेकलात तरी चालेल. कारण मी बुवा नव्हे, मी श्रोता. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकलं आणि मान हलवली. आज पहिल्यांदाच सांगायला बसलोय. कारण एवढंच, की माझं स्वतःचं नाव मलाच कसं मिळालं नाही ही गोष्ट तुम्ही आमच्या दिंडोशीच्या वसाहतीत दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो तिच्यात मीठमसाला घालील. मी फक्त मीठ घालतो.

आता मान हलवणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही. पहिल्या ओळीत, पेटीवाल्याच्या अगदी समोर, ही माझी वर्षानुवर्षांची जागा. रामनाथबुवा उत्तररंगात शिरले, आख्यान तापलं, की त्यांची नजर माझ्या मानेवर. मान हलतेय म्हणजे कथा सरळ चाललीय. मान थांबली म्हणजे मागे काहीतरी राहिलं. मग बुवा झांज वाजवत धृपदाचं एक आवर्तन जास्त घेतात, तेवढ्यात राहिलेलं आठवून गुपचूप जोडून टाकतात, आणि सभागृहात कुणाला पत्ता लागत नाही. हा आमचा दोघांचा करार. माझ्या पत्नीला, अंजनाला, तो मी बरेच दिवस सांगितला नव्हता. सांगितला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे घरात माझ्या बोलण्यावर हलते ती मानही अशीच का?"

मी मान हलवली.

तर गेल्या वर्षी बुवांनी जाहीर केलं, की आता पुरे. डोळे गेल्यातच जमा होते. पहिल्या ओळीत काही हललं तर कळायचं, पलीकडे सगळा बुक्का. मुलगा कुडाळला न्यायला तयार होता. जाण्याआधी गोरेगावच्या एका देवस्थानाच्या सभागृहात शेवटचं कीर्तन करायचं ठरलं. बुवा मला म्हणाले, "बाळा, पाठांतर आता भरवशाचं राहिलेलं नाही. तू समोर बस. तुझी मान दिसली नाही तर मी कुठे जाऊन पोचेन, सांगता येत नाही."

म्हणजे बघा, केवढी जबाबदारी. चारचौघांत शेवटच्या कीर्तनात बुवांची फजिती होऊ द्यायची नाही, आणि त्यासाठी मला हवी होती फक्त एक जागा. पुढची.

एरवी यात अडचण काहीच नव्हती. आमच्या श्रोतेमंडळात जागा राखायची पद्धत रुमालाची. लवकर आलेल्याने उशिरा येणाऱ्यासाठी रुमाल टाकायचा. या खात्याच्या प्रमुख शेवंतीमावशी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या. सकाळभर बाजारात मासे विकायचे आणि संध्याकाळी डोक्यावर वेणी माळून कीर्तनाला सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या पिशवीत रुमालांचा गठ्ठाच असतो. त्यांनीच घालून दिलेला एक कडक नियम आहे : ज्याने रुमाल टाकला त्याने आधी सांगायचं नाही. माणूस दारात दिसला की नुसता हात वर करायचा. "आधी बोलून दाखवलं की त्याचा उपकार व्हतो रं," मावशी म्हणतात, "आन उपकाराच्या जाग्यावर बसून कीर्तन काय गोड लागतंय?"

हा नियम लक्षात ठेवा. पुढे सगळा घोळ यानेच केला.

देवस्थानाचे व्यवस्थापक चंद्रप्रकाश. सज्जन गृहस्थ, पण नियम दिसला की त्यांना भूक लागते. त्यांनी सांगितलं, या वेळी गर्दी होणार, रुमाल चालणार नाहीत, मागच्या उत्सवात रुमालांवरून हातघाई झाली होती. नावनोंदणी हवी. बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अशा वेळी शहाण्या माणसाने चप्पल शोधायला उठावं. मी म्हणालो, "आमचा सुयोग करून देईल की! संगणकावर."

सुयोग माझा पुतण्या. पवईला मोठ्या कचेरीत आहे, जिथे चहा फुकट मिळतो आणि कुणी प्यायला उठत नाही. पोरगा गुणी. चार रविवार बसला आणि नोंदणीची वेबसाइट उभी केली. मोबाइलवर उघडायची, आपल्याला हवं ते एक नाव घ्यायचं, की जागा पक्की. एका फोनवर एकच नाव, एका नावावर एकच जागा. आणि जो आधी नाव घेईल तो पुढच्या ओळीत.

"पण काका," सुयोग म्हणाला, "एकच नाव दोघांना मिळत नाही हं. तुम्ही नाव टाइप केलं की वेबसाइट आत डेटाबेसला जाऊन विचारते, हे कुणी घेतलंय का? नसेल तर हिरवी खूण, असेल तर लाल."

"आत म्हणजे कुठे?"

"म्हणजे… आत. जिथे सगळी नावं साठवलेली असतात."

मला हे फार आवडलं. कुणीतरी आत बसलंय, ज्याला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत आणि जो विचारल्याबरोबर खरं तेच सांगतो. अशाच्या शोधात तर आपण इतकी वर्षं कीर्तनं ऐकतोय.

नोंदणी सुरू झाली त्या सकाळी मी आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून मोबाइल पाटावर ठेवला. नाव कुठलं घ्यायचं हा प्रश्नच नव्हता. कागदोपत्री मी बाळकृष्ण परब, पण त्या नावाने मला फक्त वीजबिलवाले ओळखतात. सगळ्या वसाहतीचा मी बाळाकाका. एकेक अक्षर जपून दाबलं. क्षणभर एक छोटं चक्र फिरलं आणि आलं उत्तर. हिरवी खूण. 'हे नाव उपलब्ध आहे.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. एवढ्या मोठ्या मुंबईत बाळाकाका हे नाव कुणी घेतलेलं नाही! जणू माझ्यासाठीच राखून ठेवलेलं.

आता तुम्ही म्हणाल, मग खालचं बटण दाबायचं ना! दाबणारच होतो. पण त्या दिवशी अमावास्या. अमावास्येला कधी कुणी बुवांच्या शेवटच्या कीर्तनाची जागा घेतं का? म्हटलं, नाव मोकळं आहे हे तर आतल्याने सांगितलंच आहे. उद्या प्रतिपदेला, देवदर्शन करून, शांतपणे घेऊ. मोबाइल बंद केला, पाव किलो पेढे आणले, मजल्यावर वाटले. "नाव मिळालं!" म्हणून सगळ्यांना सांगितलं. बुवांनाही फोन लावला. "बुवा, माझं नाव मोकळं आहे. उद्या मुहूर्तावर घेतो." बुवांनी "बरं, बरं" म्हणून लगेच फोन ठेवला. मला वाटलं गहिवरले.

दुसऱ्या दिवशी दर्शन घेतलं, येताना वाटेतल्या मारुतीला नमस्कार केला, शेजारच्या शनीला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही केला, आणि येऊन नाव टाइप केलं. चक्र फिरलं.

लाल. 'हे नाव उपलब्ध नाही.'

मी चष्मा पुसला. परत टाइप केलं. परत लाल. सुयोगला फोन केला.

"अरे, काल हिरवं होतं! आतल्याने स्वतः सांगितलं!"

"काका, काल मोकळं होतं म्हणून काल हिरवं आलं. तुम्ही घेतलं का?"

"बघितलं ना मी!"

"बघणं वेगळं, घेणं वेगळं. मोकळी खुर्ची बघून तुम्ही हात धुवायला गेलात, तेवढ्यात कुणी बसलं."

"मग रुमाल टाकायची सोय नको? एवढी मोठी कंपनी तुमची, चहा फुकट, आणि एक रुमाल टाकता येत नाही?"

सुयोगने रुमालाचा विषय सोडून दिला. मग म्हणाला, "काका, कुणी घेतलं ते मी सांगू शकत नाही. वेबसाइटच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, आता चंद्रप्रकाशांकडे आहेत. आणि दुसऱ्याचा फोन नंबर दाखवायचा नाही असा नियमच आहे. पण तुमचं काम अडत असेल तर मी मागच्या बाजूने…"

"सुयोग!" मी ओरडलो. "देवाच्या दारात मागच्या बाजूने?"

हे वाक्य मला फार छान जमलं असं तेव्हा वाटलं. पुढचे कित्येक दिवस मी त्याचा पश्चात्ताप केला.

जिन्यात दशरथ भेटला. दशरथ म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचा, मालवणचा, माझ्याहून वयाने मोठा आणि जिभेने त्याहून. माझा चेहरा बघून म्हणाला, "काय झालां? कोण गेलो?"

"नाव गेलं रे माझं."

"अरे मेल्या, नावच गेलां मां, जीव नाय गेलो! दुसरां घे. माका बघ, बायको धा नावांनी हाक मारता, सगळ्यांका ओ देतंय."

पण वाऱ्यासारखी बातमी पसरली. बाळाकाकाचं नाव कुणीतरी पळवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या घरी सांत्वनाला रांग. प्रत्येकाचा वेगळा सल्ला. एक म्हणाले पोलिसांत जा. दुसरे म्हणाले दिंडोशीचं कोर्ट हाकेच्या अंतरावर आहे, नुसतं दुसऱ्या बाजूला भीती घालायला एक चक्कर मारून या. तिसऱ्या बाई कुठल्याशा उपासाबद्दल सांगून गेल्या, त्याने हरवलेली वस्तू मिळते. मी विचारलं नाव ही वस्तू आहे का, तर म्हणाल्या करून बघायला काय जातंय. अंजना चहा करून करून थकली. शेवटी म्हणाली, "अहो, नावाच्या पुढे एक आकडा लावा आणि संपवा की. गाड्यांना नाही का असत?"

मी गाडी नव्हे, हे तिला सांगायचा धीर झाला नाही. पण बुवांची जागा माझ्या अभिमानापेक्षा मोठी, असं मनाशी म्हणून मी टाइप केलं : बाळाकाका१.

लाल.

बाळाकाका२. लाल. बाळाकाकादिंडोशी. लाल. परबबाळाकाका. लाल. काल सबंध मुंबईत ज्या नावाला कुणी हात लावला नव्हता, त्याच्या मुलानातवंडांपर्यंत आज सगळं घराणं संपलेलं! मी जे टाकावं ते गेलेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो तर आणखी गेलेली. 'खरेबाळाकाका' टाकून पाहिलं. तेही लाल. म्हणजे कुणीतरी खरा मीच आहे असंही सांगून मोकळा झाला होता. वेबसाइटने दया येऊन स्वतःच एक नाव सुचवलं : बाळाकाकानवीन. चौसष्टाव्या वर्षी! हे नाव घेऊन बुवांसमोर कसा बसू? रागाने मोबाइल पालथा ठेवला. संध्याकाळी राग निवळल्यावर उघडला तर तेही गेलेलं.

मग मी सरळ देवस्थानाच्या कचेरीत गेलो. चंद्रप्रकाशांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि ओळखीचा पुरावा मागितला. मी आधार कार्ड काढलं.

"यावर बाळकृष्ण आहे."

"हो, पण मला सगळे बाळाकाका म्हणतात."

"बाळा समजू शकतो. काका कशावरून?"

"काका कशावरून म्हणजे? पुतण्या आहे मला."

"मग पुतण्याचं पत्र आणा."

"त्याच पुतण्याने तुमची वेबसाइट केलीय!"

"मग तर मुळीच चालणार नाही. हितसंबंध आले." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आणि बाकीचे लोक तुम्हाला कुठल्या नात्याने काका म्हणतात?"

"सगळ्यांचाच काका मी."

"मग सगळ्यांची पत्रं आणा."

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या काकापणाचा दाखला मागितला होता. पण खरा घाव पुढेच होता. दाराशी पोचलो तेव्हा चंद्रप्रकाश आवाज खाली आणून म्हणाले, "परब, एक विचारू? आमच्याकडच्या नावांत बाळाकाका, बाळाकाका, बाळाकाका, असा नुसता जप चाललाय. निम्म्याहून जास्त सभागृह एकट्या बाळाकाकांनी भरलंय. वेगवेगळे फोन, पण माणूस एकच, असा माझा संशय आहे. जागा अडवून ऐनवेळी पैसे घेऊन देण्याचे प्रकार होतात हल्ली."

"तुम्हाला म्हणायचंय, मी? कीर्तनाच्या जागांचा काळाबाजार?"

"मी काहीच म्हणत नाही. त्या दिवशी ज्याच्या फोनवर नोंदणीचा संकेतांक असेल तोच आत जाईल. मी स्वतः दारात उभा असणार. कोण किती फोन घेऊन येतो, दिसेलच."

घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. कसं बोलणार? आणि खरं तर एव्हाना मलाही एक गोष्ट जाणवायला लागली होती, की वसाहतीतले लोक माझ्याशी चमत्कारिक वागताहेत. मी दिसलो की गप्प व्हायचे. हसू दाबायचे. दशरथने तर जिन्यात मला डोळा मारला. काळजी करू नको, असं खांद्यावर थोपटून जो तो पुढे जायचा. मला वाटलं, यांच्यापर्यंत चंद्रप्रकाशांचा संशय पोचला. ज्यांच्या लग्नामुंजींत पंगती वाढल्या, त्यांनाच मी आता काळाबाजारवाला वाटतोय. देवासमोर बसून विचारलं, बाबा रे, एवढं ऐकलं तुझ्याबद्दल, त्याचं हे फळ? देवाने मान हलवली नाही.

शेवटी एका दुपारी हार पत्करून मी बाळकृष्णपरब असं पूर्ण नाव टाकलं. हिरवी खूण! काळवेळ किंवा मुहूर्त न बघता बटण दाबलं. उत्तर आलं : 'सर्व जागा भरल्या आहेत.'

कीर्तनाच्या दिवशी मी जाणार नव्हतोच. अंजना आपल्या फोनवर घेतलेल्या जागेसाठी लवकर निघून गेली, जाताना एवढंच म्हणाली, "या हं, मागून." मी म्हटलं, निदान दाराबाहेर बसून लाउडस्पीकरवर ऐकू. बुवांना दिसलो नाही तरी आपण तिथे होतो एवढं आपल्याला माहीत असेल. धोतर नेसलो, उपरणं घेतलं, निघालो. सवयीने वाटेत मारुती आणि शनी झाले.

सभागृहाच्या आवाराच्या फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकलो. दाराबाहेर आमची सगळी वसाहत उभी होती. निम्मा कोळीवाडाही. आणि मला बघताच, काय सांगू तुम्हाला, त्या सगळ्यांनी एकदम हात वर केला.

साठ-बासष्ट हात.

"हय ये, बाळा! तुजी जागा माज्याकडे हाय!" शेवंतीमावशी.

"तुजी खंयची? माझ्याकडे असा! बाळाकाकादिंडोशी!" दशरथ.

"अहो, इकडे या, खरे तुम्ही माझ्याकडे आहात!" ही आमची अंजना. 'खरेबाळाकाका' तिने घेतला होता.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. माझं नाव गेलं हे कळल्यावर प्रत्येकाने घरी जाऊन पहिलं काम केलं होतं, माझ्या नावाचं जे काही शिल्लक असेल ते माझ्यासाठी राखायचं. पहिल्याने एक लावून घेतलं. दुसऱ्याला एक मिळालं नाही, तो घाबरला, चोराने तेही नेलं असं समजून त्याने दोन घेतलं. तिसऱ्याने आणखी घाई केली. सगळे एकाच चोराच्या पुढे धावत होते आणि तो चोर म्हणजे तेच होते. आणि रुमाल टाकल्याचं आधी सांगायचं नाही, म्हणून कुणी कुणाला बोललं नाही. मलाही नाही.

"पण तुमची जागा?" मी विचारलं. "एका फोनवर एकच मिळते ना?"

"आमी हतं बाहेर उभे ऱ्हातू," मावशी म्हणाल्या. "आमाला काय, ऐकायचंच हाय. तुला मान हालवायची हाय."

म्हणजे आमचा करार सगळ्यांना माहीत होता. पत्नीला काही सांगण्याचा हा तोटा.

मग जे भांडण झालं तसं मी लग्नघरातही पाहिलेलं नाही. प्रत्येकजण आपला फोन माझ्या हातात कोंबतोय. दशरथ म्हणतोय माझ्या नावावर जा, पुढून तिसरी ओळ असा. अंजना म्हणतेय लग्नाची बायको मी की तुम्ही? चंद्रप्रकाश दारात उभे, तोंड उघडं. काळाबाजार करणारे साठ लोक एकाच गिऱ्हाइकाला जागा फुकट देण्यासाठी हातघाईवर आलेले त्यांनी पूर्वी पाहिले नसावेत.

मी कुणाचा फोन घेणार? ज्याचा घेईन तो बाहेर राहणार. बुवांचं शेवटचं कीर्तन, आणि माझ्यासाठी शेवंतीमावशी दाराबाहेर? मी हात जोडले. "कुणाचाच नको. सगळे आत जा. ज्याच्या फोनवर जो बाळाकाका आहे, तो आज त्याचाच."

नाइलाजाने रांग लागली. चंद्रप्रकाश संकेतांक बघून एकेकाला सोडायला लागले.

"नाव?"

"बाळाकाका सात," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही बाळाकाका?"

"हाय. मंग? तुज्या बापाला इचारून ठेवायचं व्हतं?"

चंद्रप्रकाशांनी संकेतांक तपासला, वेणीकडे पाहिलं, आणि वाट दिली. अशा रीतीने सगळे बाळाकाका आत गेले. बाहेर राहिलो फक्त मी. चंद्रप्रकाशांना म्हटलं, भिंतीला टेकून उभा राहतो. ते म्हणाले, अग्निशमनाचे नियम आहेत. पण त्यांनी माझ्यासाठी खिडकीशी एक स्टूल ठेवलं. नियमांत स्टुलाबद्दल काही लिहिलेलं नसावं.

कीर्तन सुरू झालं. पूर्वरंग काय झाला म्हणून सांगू! आवाज थकला होता, पण सूर नाही. मग हार झाला, बुक्का झाला, आणि बुवांनी उत्तररंगाला त्यांचं आवडतं आख्यान लावलं. गावाबाहेरची म्हातारी, घरात शेवटची एक भाकरी, आणि दारात पाहुणा म्हणून आलेला देव. मी खिडकीच्या गजांना धरून ऐकत होतो. आत सगळे माझ्या जागेवर माझं काम करायला टपलेले. बुवांनी तोंड उघडलं की साठ माना हलायच्या. म्हातारी उठली, माना हलल्या. चूल पेटली, माना हलल्या. बुवांना समोर इतकं हललेलं कधी दिसलं नसेल. ते खुलले, भरात आले, आणि म्हातारीची भाकरी अजून तव्यावर असतानाच पाहुण्याने तृप्तीची ढेकर दिली.

साठ माना हलल्या.

माझी थांबली. पण ती खिडकीबाहेर होती. आता बुवा पुढे जाणार, भाकरी वाढायची राहणार, देव उपाशीपोटी आशीर्वाद देऊन निघून जाणार, आणि पाठीमागे लोक म्हणणार, म्हाताऱ्याला आता काही आठवत नाही. ओरडावंसं वाटलं. पण भर कीर्तनात बुवांची चूक ओरडून दाखवायची? त्यापेक्षा ती झालेली बरी.

काहीतरी राहिलंय एवढं त्यांचं त्यांनाच जाणवलं असावं, बुवा थांबले. झांज घेतली. धृपदाचं एक आवर्तन केलं, दुसरं केलं, तिसरं. चाचपडत होते. मग झांज खाली घेतली आणि हाक मारली, "बाळा?"

"आहे, बुवा!" सबंध सभागृहाने ओ दिली.

बुवा दचकले. मग त्यांना हसू फुटलं. "एवढे? अरे, एवढे बाळा असून माझी ही अवस्था? तुम्ही सगळे प्रेमाने मान हलवताय. मला न हलवणारा हवाय." पुढे वाकून त्यांनी पहिल्या ओळीतल्या पहिल्या जागेकडे निरखून पाहिलं. ती एकटी रिकामी होती. "ही जागा मी राखली होती. त्याने फोन केला, उद्या मुहूर्तावर नाव घेतो म्हणून. मी ओळखून आहे त्याला. माणूस चांगला, पण वाटेतल्या प्रत्येक देवाला नमस्कार करतो. फोन ठेवल्याबरोबर नातीला म्हटलं, दीप्ती, त्याचं नाव आत्ताच्या आत्ता घेऊन टाक. आणि सांगू नकोस हं त्याला, मावशींचा नियम आहे. कुठाय तो? अजून शनीपाशीच का?"

पेटीच्या शेजारी टाळ घेऊन बसलेली दीप्ती उठली ती धावतच दारात आली, हातात मोबाइल. "काका! बाहेर काय करताय? मला वाटलं नेहमीसारखा उशीर!"

चंद्रप्रकाशांनी मोबाइल घेतला. संकेतांक पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता तरी हसून सोडतील. पण माणूस नियमाचा पक्का.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"बाळाकाका."

"पुढे काही?"

"काही नाही," मी म्हणालो. "नुसता बाळाकाका."

त्यांनी दार पुरतं उघडलं.

जागेवर बुवांचं उपरणं घडी करून ठेवलेलं होतं. ते मांडीवर घेऊन बसलो. बुवांनी पुन्हा सुरुवात केली. म्हातारी, तवा, पाहुणा. ढेकर आली तिथे मी मान धरून ठेवली, अगदी दगडासारखी. आणि गंमत बघा, माझं बघून सगळ्या सभागृहाने धरून ठेवली. बुवा एक क्षण थांबले, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हां हां. आधी वाढू तर दे रे तिला." लोकांना वाटलं बुवांनी देवालाच चिमटा काढला. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. भाकरी ताटात पडली. मग देव जेवला.

बुवा आता कुडाळला आहेत. डोळे पूर्ण गेले. परवा फोनवर म्हणाले, "बाळा, जन्मभर उभं राहून सांगितलं, आता बसून ऐकावंसं वाटतं रे. पण बसायला समोर कधी जागा घेऊनच ठेवली नाही." मी मान हलवली. फोनवर मान हलवून उपयोग नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच मागतो. कधी कुठे कीर्तनाला गेलात, जागा मिळाली, तर शेजारी घटकाभर एक रुमाल टाका. कुणी विचारलं तर रामनाथबुवा येताहेत म्हणून सांगा, त्यांची आठवण काढा. गर्दी झालीच तर रुमाल उचलून दुसऱ्याला बसू द्या. बुवांना ते आवडेल. पण त्यांना कळवू मात्र नका हं. मावशींचा नियम आहे.